पुढची चौदा मिनिटं

“सेव्ह झालं म्हणते ना? मंग उघडून दाखवा.”

हे वाक्य ताई दिवसातून निदान चारदा म्हणायच्या. कधी गिऱ्हाइकाला, कधी मला, पुष्कळदा समोरच्या कंप्युटरलाच. पडद्यावर सेव्ह झाल्याची हिरवी पट्टी आली की त्या हेडफोन गळ्यात ओढत, चष्मा कपाळावर चढवत आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पट्टीकडे बघत. दूधवाल्याच्या मापाकडे बघावं तसं. मग प्रोग्राम बंद करायचा, कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, फाईल उघडायची आणि पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकायची. कॅसेट तासाभराची असेल तर तासभर. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की म्हणायच्या, “तुमी चहा पिऊन या. मले पूर्ण ऐकू द्या.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसलो होतो, ताईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा.

नागपूरच्या महाल भागात एका भांड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेलं की त्यांची खोली होती. कोणे एके काळी तिथे नवरा-बायको कॅसेट विकायचे, भरूनही द्यायचे. भजनं, दंडारीची लोकगाणी, कव्वाल्या, लग्नाची गाणी. पुढे सीडी आली, मग मोबाइल आला, आणि त्याच सुमारास नवरा गेला. भिंतीभर कॅसेट उरल्या आणि पन्नाशीतल्या ताई. त्यांनी कंप्युटर शिकून घेतला आणि उलटं काम सुरू केलं. लोकांच्या घरच्या जुन्या कॅसेट कंप्युटरमध्ये उतरवून द्यायच्या. कुणाच्या आजोबांचं कीर्तन, कुणाच्या मुलाचे बोबडे बोल, कुणाचं बारसं. मी हुडकेश्वरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणाची कॅसेट घेऊन मी गेलो होतो.

मे महिना होता. त्यांनी कूलर बंद केला.

“कूलरच्या मोटरची घरघर तारेत उतरते, सर. अर्धा घंटा घाम येऊ द्या.”

मी घाम पुसत बसलो. भाषण उतरवून झालं, हिरवी पट्टी आली आणि मी पाकीट काढायला लागलो. तर त्या पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसल्या. मी हसून म्हटलं, “ताई, झालं की सेव्ह.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागच्या जागी मिटलं. त्याही हुडकेश्वरलाच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्यामुळे ओळख वाढली, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्या नजरेमागची गोष्ट त्यांनी सांगितली.

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीतला माणूस त्यांच्याकडे आला होता. गाव छत्तीसगडकडचं. त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. गावात कुणाकडे तरी टेपरेकॉर्डर होता, त्यात बोलून ती कॅसेट पाठवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर. चिठ्ठीसारखी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि उरलेली एकच कॅसेट त्याने पत्र्याच्या पेटीत जपली होती. पत्र्याच्या खोलीत, नागपूरच्या उन्हाळ्यात. टेपवरचा थर सुटायला आला होता. ताईंनी बघताक्षणी सांगितलं, “भैया, हे एकदाच वाजन. दुसऱ्यांदा नाई.”

तो म्हणाला, “एक बार में हो जाएगा ना, दीदी?”

त्यांनी टेप दुसऱ्या डबीत घातली, पेन्सिलीने हळूहळू फिरवून सैल केली, टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं आणि लावली. दहा मिनिटांनी टेप कुरकुरायला लागली. त्यांनी थांबवलं. हेडवर तपकिरी भुकटी जमली होती. ती कापसाने पुसली, पुन्हा सुरू केलं. पुढची चौदा मिनिटं श्वास धरून ऐकली. नीट उतरली. सेव्ह केलं. हिरवी पट्टी आली.

संध्याकाळी फाईल उघडली तर पहिली दहा मिनिटं होती. पुढे नुसती सरळ रेघ. आवाजाच्या जागी पडद्यावर जशी रेघ दिसते तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. त्यांनी टेप पुन्हा लावली. खसखस. त्यावरचा आवाज भुकटी होऊन कापसाला लागला होता.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. ती चौदा मिनिटं इतक्या वर्षांत जगात एकाच माणसाने ऐकलेली होती. ताईंनी. मुलाने स्वतः ती कॅसेट वीसेक वर्षांत ऐकली नव्हती, त्याच्याकडे टेपरेकॉर्डरच नव्हता. तो आला तेव्हा त्यांनी त्याला बसवलं, झालं ते सांगितलं आणि आठवलं तेवढं म्हणून दाखवलं. गाय व्यायली, कालवड झाली. मशीनशेजारी झोपत जाऊ नकोस. धाकटीचं लग्न ठरतंय, तू नाही आलास तरी चालेल पण ये. आणि शेवटी त्याचं लहानपणीचं नाव घेऊन दोनदा हाक मारली होती.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “कैसे बुलाया, दीदी? आवाज़ कैसी थी?”

“आता ते मी कसं सांगू, सर?” ताई मला म्हणाल्या. “मले तिचा आवाज काढता येते का?”

तो माणूस चिडला नाही. ‘कोई बात नहीं’ म्हणाला, दहा मिनिटं घेऊन गेला. “त्यानं शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “गरीब माणूस, त्याले वाटलं असंच होत असन मशीनचं. काहून असंच होत असन? म्या पैसे देऊन घेतलेला प्रोग्राम हाय. त्यानं मले सांगितलं, सेव्ह झालं. हे खोटं बोलनं झालं का नाई?”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक लहान रेकॉर्डर विकत घेतला. तेव्हापासून प्रत्येक कॅसेट दोन ठिकाणी उतरायची. त्यांचं स्वतःचं काम भागलं होतं. एखादा तिथेच थांबला असता.

त्यांनी मला गाठलं ते इंग्रजीसाठी. कंपनीला पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं. आपण शाळेत शिकवतो तसं, नम्र विनंती, कृपया लक्ष घालावे, आपल्या बहुमोल वेळाबद्दल आभार. त्यांनी ते मराठीत सांगायला लावलं आणि ऐकून म्हणाल्या, “सर, हे कोनाचं पत्र हाय? कोनाले सुट्टी पायजे का?”

“ताई, भाषा सभ्य असली की लक्ष देतात.”

“बरं. पाठवा.”

आठवड्याने उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आमच्याकडे असे काही घडताना दिसत नाही, तरी हरवलेली फाईल जोडून पाठवावी.

ताईंनी मला ते तीनदा वाचायला लावलं. “हरवलेली फाईल जोडा म्हणते?” त्यांचा आवाज चढत गेला. “पोलीस ठाण्यात गेलं, सायकल चोरी गेली म्हणलं, आनि त्यायनं म्हणावं सायकल घेऊन या? कोन बसलं हाय तिथं?” खाली भांड्यांवर ठोक्याचं काम चाललं होतं ते थांबलं आणि दुकानदार जिन्यात येऊन विचारू लागला, ताई, काय झालं.

आमच्याकडे घडत नाही, हे शब्द त्यांना फार लागले. मग त्यांनी ते घडवायचंच ठरवलं. सोमवारी महालातला बाजार बंद. दर सोमवारी त्या दुकान आतून लावून घेत, रेडिओची वायर कंप्युटरला जोडत आणि तासन्‌तास काहीबाही उतरवून घेत. दोनशे पानी वहीत नोंदी. आज नाव मराठीत दिलं, काही गेलं नाही. आज नाव इंग्रजीत दिलं, काही गेलं नाही. आज मधेच लाईट घालवली, इन्व्हर्टरवर चाललं, काही गेलं नाही. महिनोन्‌महिने काही गेलं नाही. मी म्हणायचो, “ताई, योगायोग असेल.” त्या मान वर न करता म्हणायच्या, “त्या माणसाची माय योगायोगानं गेली का?”

दिवाळीच्या सुट्टीत मी शेजारी बसलेला असताना ते सापडलं. तो प्रोग्राम दर दहा मिनिटांनी आपणहून एकदा फाईल साठवायचा. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक बारकी चकती दोन-तीन सेकंद फिरायची. ती फिरत असताना थांबवायचं बटण दाबलं की संपलं. पुढे तुम्ही पुन्हा सुरू करून तासभर रेकॉर्ड करा, पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटताना दिसतील, शेवटी हिरवी पट्टीही येईल. आणि उघडल्यावर रेघ. ताईंनी एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा मला करायला लावलं. दर वेळी रेघ.

“सापडला! सापडला चोट्टा!” त्या खुर्चीतून उठल्याच. मीही टाळ्या वाजवल्या. मग त्या एकदम खाली बसल्या.

“सर, टेप कुरकुरली म्हणून म्या थांबवलं होतं. दहाव्या मिनिटाले.”

मी म्हटलं, “ताई, यात तुमचा काय दोष? तुम्ही तर काळजी घेतली.”

“मले मालूम हाय माहा दोष नाई,” त्या म्हणाल्या. “म्हणून तं जास्त राग येते. काळजी घेतली म्हणून गेलं ते. हयगय केली असती तं राहिलं असतं.”

आम्ही सगळं क्रमाने लिहून पाठवलं. कुठलं बटण, कुठल्या क्षणी, सोबत वहीची चार पानं. उत्तर लगेच आलं. छान माहिती, आभार, ही तक्रार आमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या तक्रारीत जोडण्यात येत आहे.

“आधीपासून?” ताईंनी विचारलं. “केव्हापासून?”

मी ती जुनी तक्रार कंपनीच्या वेबसाइटवर उघडली. ती बुटीबोरीच्या कॅसेटच्या चार वर्षं आधीची होती. कुणीतरी अगदी तेच लिहिलं होतं, तेच बटण आणि तीच चकती. त्याखाली पानामागून पान. ‘माझंही गेलं.’ ‘माझंही.’ ताईंनी मला सगळं वाचायला लावलं. दोन दुपारी लागल्या. कुठल्याशा देशातल्या बाईने दवाखान्यात वडिलांचं बोलणं घेतलं होतं, तेवढंच शेवटचं. एका विद्यार्थ्याची डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखतींची वर्षभराची मेहनत. एका आंधळ्या वादकाने वाजवलेली पेटी. प्रत्येकाचं वाचून झालं की ताई एकच विचारायच्या, “त्याले काय उत्तर देल्लं?”

“कळवल्याबद्दल आभार.”

“आनि हिले?”

“कळवल्याबद्दल आभार.”

शेवटचं पान संपल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, “म्हणजे यायले मालूम होतं. चार साल आधी मालूम होतं. रस्त्यात खड्डा हाय हे मालूम असून बोर्ड लावला नाई, आनि लोकं पडले का वरतून म्हणते, सांगितलं हे बरं केलं.”

त्या दिवशी मीसुद्धा चिडलो. पण माझा राग घरी जाईपर्यंत टिकतो. त्यांचा वर्षानुवर्षं टिकला.

मधल्या काळात त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, मग आणखी एक. बटणं गोल झाली. पडदा काळा झाला. आवाजाच्या लाटांना रंग आले. ताई प्रत्येक आवृत्ती घ्यायच्या, पहिल्या दहा मिनिटांत चकती फिरायची वाट बघायच्या आणि बटण दाबायच्या. रेघ. “रंग देऊन राहिले,” त्या म्हणायच्या. “घर गळते आनि हे गेटाले रंग देऊन राहिले.”

एकदा त्याच कंपनीचा माणूस नागपुरात आला. सीताबर्डीच्या एका हॉटेलात नवी आवृत्ती दाखवायचा कार्यक्रम होता. स्टुडिओवाले, लग्नाचे व्हिडिओ करणारे, चाळीसेक लोक. ताई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर स्वतःचा लॅपटॉप. मी शेजारी. तिशी ओलांडलेला, चांगला बोलणारा माणूस होता तो. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाला आणि ताई उठल्या.

“विचारायचं नाई, दाखवायचं हाय. तुमचा आवाज द्या.”

लोक हसले. तोही हसत पुढे आला. ताईंनी मोठ्या पडद्याची वायर लॅपटॉपला जोडून घेतली आणि माईक त्याच्या हातात दिला. “कोन्या गावचे तुमी? घरी कोन कोन हाय? सांगा आरामात.”

तो सांगत गेला. मूळचा वर्ध्याकडचा निघाला. शाळा, वडिलांची बदली, आईच्या हातची पाटोडी. छान रंगला. दहाव्या मिनिटाला चकती फिरली, ताईंनी बटण दाबलं, “पानी प्या,” म्हणाल्या, पुन्हा सुरू केलं. आणखी पाच मिनिटं तो आईच्या पाटोडीवरच बोलला. हिरवी पट्टी आली. ताईंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

“आता उघडून ऐकवा सगळ्यायले. तुमच्या मायची पाटोडी ऐकू द्या.”

त्याने उघडलं. दहा मिनिटांपुढची सरळ रेघ मागच्या मोठ्या पडद्यावरही दिसत होती. मागून एक जण मोठ्याने म्हणाला, “अरे, माझं पण असंच गेलं होतं एक लग्न!”

तो माणूस म्हणाला, “मॅडम, हे मी वर नक्की कळवतो.”

“वर म्हणजे कुठं गा बाबू? वर सगळ्यायले मालूम हाय. मले त्या माणसाचं नाव सांगा ज्यानं ठरवलं का हे दुरुस्त करायचं नाई. एक नाव.”

तो माईक ठेवायला वळला. कार्यक्रम संपल्यावर तो आमच्यामागे जिन्यापर्यंत आला. खालच्या आवाजात म्हणाला, “काकू, खरं सांगू? आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण जुनं दुरुस्त करणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. नवीन काय केलं ते विचारतात.” ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता विरघळल्या. त्या म्हणाल्या, “मंग तू दे ना राजीनामा.” आणि जिना उतरल्या.

स्कूटीवर मागे बसलेलो असताना मी म्हटलं, फार बोललात. “कमी बोलली,” त्या म्हणाल्या. “घरी चला. पत्र लिहू. आता मी बोलन तसं लिहा. गोड कराल तं याद राखा.”

या वेळी मी गोड केलं नाही. चोर हा शब्द होता, खोटारडे होता, मेलेल्या माणसांचे आवाज खाणारे होता. तक्रारीच्या पानावर ते टाकलं. दोन तासांत ते तिथून नाहीसं झालं आणि ताईंना तिथे लिहायची बंदी झाली. अपमानकारक भाषेबद्दल.

मला वाटलं होतं त्या संतापतील. त्या आधी खदाखदा हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “दोन घंट्यात! पाहा सर, यायले कामं झटपट करता येते!” मग हसू थांबलं, पाणी तसंच राहिलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “दोन घंट्यात करता येते तं.”

त्यानंतर त्यांनी कंपनीला लिहिणं सोडलं आणि लोकांना लिहायला लागल्या. मराठीत, हिंदीत आणि माझ्या इंग्रजीत एक पानभर मजकूर: चकती फिरताना कशालाही हात लावू नका, आवाज दोन ठिकाणी उतरवा, पट्टीवर भरवसा ठेवू नका. तो कागद महालातल्या, बर्डीवरच्या स्टुडिओंमध्ये चिकटला. मी माझ्या नावाने तो त्या तक्रारीखालीही टाकला आणि नवीन कुणी आलं की त्याला वेगळा पाठवू लागलो. एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं की त्याने आदल्याच दिवशी हा कागद वाचला म्हणून त्याच्या आजीची गाणी वाचली. मी ते ताईंना वाचून दाखवलं. त्या खूश झाल्या, पण क्षणभरच. “हे काम त्यायचं होतं,” म्हणाल्या.

मागच्या थंडीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. महालची खोली त्यांच्या मुलीने रिकामी केली. मी हुडकेश्वरच्या घरी अधूनमधून जाऊन बसायचो. एकदा गेलो तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुन्हा नवी आवृत्ती आली आहे. त्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं आणि हवेत बटण दाबल्यासारखं बोट दाबलं.

मी त्याच सकाळी तपासून गेलो होतो.

खरं सांगतो, सगळ्या वाटेत मी ठरवत होतो की खोटं बोलायचं. दुरुस्त झालं, ताई. तुमच्यामुळे झालं. कुणाचं काय गेलं असतं? मी तोंडही उघडलं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, चष्मा कपाळावर. आजवर त्यांना असं खोटं एका यंत्राने सांगितलं होतं. त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

“नाही झालं,” मी म्हणालो. “तसंच आहे.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी मारलंच यांना. मग त्यांच्या अडखळत्या तोंडातून एक शिवी बाहेर पडली, अस्सल, लांबलचक, एकही अक्षर न अडखळता. स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली. कित्येक दिवसांत त्या इतकं स्वच्छ बोलल्या नव्हत्या. मुलगी रडायला लागली, मग हसायला लागली. ताईंनी चहा मागितला. मुलगी बशीने पाजायला गेली तर तिचा हात बाजूला सारला आणि डाव्या हाताने, अर्धा चहा गाऊनवर सांडत, स्वतःच प्यायल्या. पूर्ण कप. माझ्याकडे रागाने बघत.

पंधरवड्याने त्या गेल्या.

मी कंपनीला कळवलं नाही. कळवल्याबद्दल आभार मानले असते.

काल रविवार होता. सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवून घेतली. आता पट्टी हिरवी नाही, निळी आहे, आणि ती येताना मंजुळ आवाज होतो. चकती फिरली, मी बटण दाबलं, पुन्हा सुरू करून पाच मिनिटं बोललो, सेव्ह केलं, उघडलं.

रेघ.